मदीरेची वाट

पोर्तुगीज भाषेत 'मदीरा' म्हणजे लाकूड. आपल्या मदिरेशी त्याचे नाते नाही. तरीही अटलांटिकमधील या ज्वालामुखीजन्य बेटाने नाव मिळविले ते मद्यामुळेच, आणि त्या कीर्तीत कलकत्त्याच्या वाटेचाही वाटा आहे.

हिंदुस्थानकडे येणारी कंपनीची जहाजे तेथे थांबून पिंपे भरून घेत. उष्ण समुद्रातून हेलकावे खात आलेले ते मद्य बिघडण्याऐवजी अधिक चवदार होई. हे ध्यानी येताच ते मुद्दाम सफरीवर धाडले जाऊ लागले. पुढे कोठारातच ऊब देण्याची रीत निघाली.

बागबाजारात गंगेकाठी पेरिनची बाग होती. मदीरेचे हे शौकीन कंपनीचे नोकर तेथे विहारास जात. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर आल्या, आणि याच भागातून 'मराठा खंदक' खणण्यास आरंभ झाला. शहरावर स्वारी आलीच नाही; लुटली गेली ती पश्चिमेकडील गावे. बाग गेली, खंदक बुजला. बंगाली अंगाईत मात्र बर्गी अजून येतात.

आज बागबाजारात बसून त्या बेटाच्या सहलीचा बेत आखताना आम्हांस हे सारे आठवते. बेत असा: पहिले दिवस रानाला, शेवटचा मद्याला. १९९९ पासून जागतिक वारसा ठरलेले तेथील प्राचीन अरण्य पाहावे; ओल्या उत्तरेचे पाणी कोरड्या दक्षिणेकडे नेणाऱ्या, कातळ फोडून काढलेल्या पाटांच्या काठाने चालावे; मग फुंशालच्या कोठारांत शिरावे. पेल्यामागचे कष्ट आधी पाहिलेले बरे. मराठी प्रवाशाला तर या वाटेच्या दुसऱ्या टोकाची ती अंगाईही विसरता येणार नाही.