वेग गेला कुठे?

शनिवारची रात्र, कॉफीचा मग आणि सिम्युलेटरमध्ये डॅश ८ क्यू४००. धावपट्टी दिसली म्हणून मी पॉवर लिव्हर पूर्ण मागे ओढले, आणि वेग असा घसरला की बघायलाच नको! टर्बोप्रॉपची ही खोडच आहे. प्रॉपेलर कमाल फेऱ्यांवर असताना पॉवर आयडलला नेली की पाती सपाट कोनात येतात आणि फिरती तबकडी ब्रेकसारखी हवा अडवते. जेटला इतका ब्रेक लागत नाही. मी गुपचूप रीसेट दाबलं.

हे आठवायचं कारण म्हणजे १२ फेब्रुवारी २००९ ची रात्र. न्यूअर्कहून बफेलोला निघालेलं कोलगन एअर ३४०७, विमान हेच. पॉवर आयडलला, चाकं खाली, प्रॉपेलर कमाल फेऱ्यांवर. वेग घटत होता आणि दोन्ही वैमानिकांचं तिकडे लक्ष नव्हतं. स्टॉलचा इशारा म्हणून कंट्रोल कॉलम थरथरला. अशा वेळी नाक खाली करायचं असतं. कॅप्टनने कॉलम मागे ओढला. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा १, असे ५० जण गेले.

चौकशीत कळलं, की कॉलम आपोआप पुढे ढकलणाऱ्या स्टिक पुशरचा अनुभव देणं हा कंपनीच्या क्यू४०० सिम्युलेटर प्रशिक्षणाचा आवश्यक भाग नव्हता. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफएएने पूर्ण स्टॉलचा सराव सिम्युलेटरवर बंधनकारक केला. तयारीला मुदत २०१९ पर्यंत.

आपणही टेस्टिंगमध्ये सगळं सुरळीत चालतंय एवढंच बघतो ना, तसंच हे. असो. दुसऱ्यांदा थोडी पॉवर ठेवून, एक डोळा वेगावर ठेवून उतरलो.