चिती, चैत्य आणि घनफळ

शालेय भूमितीत संयुक्त घनाकृतींचे घनफळ शिकविताना इष्टिकाचिती, वृत्तचिती, शंकू व अर्धगोल या आकृती एकत्र जोडल्या जातात. यातील ‘चिती’ हा शब्द लक्षणीय आहे. ‘चि’ म्हणजे रचणे, ढीग करणे. ‘चैत्य’ हा शब्दही याच धातूशी निगडित आहे. वीट रचणारा हात आणि गणिताचे सूत्र यांचे नाते आपल्या परिभाषेतच टिकून राहिले आहे.

स्तूप ही संयुक्त घनाकृतीच होय. खाली वृत्तचितीसारखी मेधी, तीवर साधारण अर्धगोल अंड आणि माथ्यावर चौरस हर्मिका. समजा, मेधी व अंड यांची त्रिज्या ७ हात, मेधीची उंची ३ हात आणि हर्मिका ३ हातांचा घन आहे. मग मेधीचे घनफळ ४६२, अंडाचे सुमारे ७१९, हर्मिकेचे २७ आणि एकूण सुमारे १२०८ घनहात. भाग वेगळे करावेत, प्रत्येक मोजावा आणि बेरीज करावी, एवढीच ही रीत.

खरी अडचण अर्धगोलाची. ग्रीक गणिती आर्किमिडीज याने इ. स. पू. तिसऱ्या शतकात गोलाचे घनफळ सिद्ध केले होते. भारतात मात्र ‘आर्यभटीया’तील (इ. स. ४९९) नियम खऱ्या घनफळापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने अधिक उत्तर देतो. त्यानुसार वरील अंड सुमारे ९५५ घनहात भरेल. अचूक नियम भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) आढळतो: गोलाचे पृष्ठफळ व्यासाने गुणून सहाने भागावे. भास्कराचार्यांचे विज्जडविड म्हणजे आजचे बीड, असे काही अभ्यासक मानतात. अन्य काही चाळीसगावजवळील पाटणकडे निर्देश करतात.

सांचीचा विटांचा मूळ स्तूप मात्र मौर्यकाळातील आहे. पुढे इ. स. पू. दुसऱ्या शतकात त्याला दगडी आवरण देऊन त्याचा व्यास जवळजवळ दुप्पट करण्यात आला. आकार तोच ठेवून व्यास दुप्पट केला, तर घनफळ आठपट होते. म्हणजे सातपट नवे बांधकाम. ‘लीलावती’च्या हजारांहून अधिक वर्षे आधी हे काम गवंड्यांनी पार पाडले.

विनयपिटकाच्या सुत्तविभंगात गणना व लेखन ही शिल्पे उच्च, तर कुंभारकाम, विणकाम ही शिल्पे हीन, अशी तत्कालीन समाजातील वर्गवारी नोंदविली आहे. पण ती ज्या नियमाच्या विवेचनात येते, तो नियम शिल्पावरून कोणासही हिणवण्यास भिक्षूला मनाई करतो. गणक आणि वीट रचणारा या दोघांवाचून स्तूप उभा राहत नाही, हे येथे ध्यानी घ्यावे.

‘लीलावती’त चितिव्यवहारासोबत राशिव्यवहारही आहे. मोकळ्या जमिनीवरील धान्याची रास म्हणजे शंकू. भिंतीला टेकलेली रास त्याचा अर्धा भाग, आतील कोपऱ्यातली पाव आणि बाहेरील कोपऱ्याला वेढणारी पाऊण. बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या गावात ज्वारीची रास पाहत वाढलेल्या मुलाला पाव, अर्धा व पाऊण हे वेगळे शिकवावे लागत नाही. शिक्षकाने फळ्यावरील शंकूआधी त्याला ती रास दाखवावी. ज्या श्रमातून हे गणित निपजले, त्या श्रमिकांच्या मुलांना ते परके वाटू नये, यातच या इतिहासाचे सार आहे.