जोड्यांचा हिशोब

येरमाळ्यात येऊन सॉफ्टवेअरच्या चाचणीचा इतिहास सांगायचा, आणि तोही तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरानं, हे जरा विचित्र वाटेल. पण सगळं तपासणं शक्य नसताना खात्री कशी धरायची, हा मुळात आमच्याच विषयाचा प्रश्न. त्याचं एक उत्तर शेतातून निघालं.

आधी अडचण पाहू. एक प्रोग्राम तीन डेटाबेसवर चालायला हवा: पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट. ऑपरेटिंग सिस्टिम तीन. मजकूर तीन लिप्यांत. सेटिंगचे संच तीन. झाल्या ८१ जुळण्या. वर चालू-बंद करायचे दहा पर्याय आले, की ८१ ला १,०२४ नं गुणा. म्हणजे ८२,९४४. प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली की यंत्रानं एवढ्या चाचण्या घ्यायच्या? रात्र पुरायची नाही.

आता शेताकडे या. १९२० च्या दशकात इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी प्रयोगाच्या वाफ्यांसाठी लॅटिन चौरस वापरला. प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या ओळीत प्रत्येक खत एकदाच. रानाचा एक कोपरा कसदार असला तरी कुठल्याही खताला फुकटचं श्रेय मिळत नाही. तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही.

असे दोन चौरस एकमेकांवर ठेवले आणि कुठलीही जोडी दोनदा आली नाही, तर फार मोलाची मांडणी हाती येते. ऑयलर या गणितज्ञानं १७८२ मध्ये म्हटलं होतं की सहाच्या चौरसाला अशी जोडी मिळणार नाही; दहा, चौदा, अठरा यांनाही नाही. सहाबद्दल तो बरोबर होता. बाकीच्यांबद्दल पावणेदोनशे वर्षं कुणाला काही सिद्ध करता आलं नाही.

ते १९५९ साली झालं. राजचंद्र बोस, ई. टी. पार्कर आणि आपले शरदचंद्र शंकर श्रीखंडे या तिघांनी दाखवलं की दोन आणि सहा सोडले तर प्रत्येक आकाराला जोडी मिळते. श्रीखंडे सागरला जन्मले, नागपूरला शिकले, पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले आणि २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. हा शोध न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आला होता. आपल्या किती पाठ्यपुस्तकांत आहे, ते तुम्हीच शोधा.

त्याआधी, १९४७ मध्ये, सी. आर. राव यांनी याच कल्पनेचा विस्तार करून प्रयोगांचे तक्ते मांडले होते. आणि १९८५ साली रॉबर्ट मँडल यांनी हे चौरस शेतातून उचलून एडा या संगणकभाषेच्या कंपायलरच्या चाचणीला लावले.

म्हणजे बघा, आपल्या ८१ जुळण्यांचं काय होतं. नऊ खणांचा चौकोन काढा. आडव्या ओळी डेटाबेसच्या, उभ्या ओळी ऑपरेटिंग सिस्टिमच्या. प्रत्येक खणात एका चौरसातून लिपी येते, दुसऱ्यातून सेटिंगचा संच. नऊच चाचण्या, आणि कुठलीही जोडी सुटत नाही. प्रत्येक डेटाबेस प्रत्येक लिपीला भेटतो, प्रत्येक लिपी प्रत्येक सेटिंगला. प्रत्येक बाबीचे दहा-दहा प्रकार असतील तर शंभर चाचण्यांत भागतं, ते १९५९ च्या त्या शोधामुळे. सहा-सहा असतील तर मात्र ३६ मध्ये भागत नाही. तिथे ऑयलर आडवा येतो!

पण जोडी तपासली म्हणजे तिकडी तपासली, असं नव्हे. २००४ साली अमेरिकेतल्या रिचर्ड कून आणि सहकाऱ्यांनी बिघाडांच्या नोंदी चाळल्या. बहुतेक बिघाड एका किंवा दोन गोष्टींच्या संयोगानं झालेले होते. मात्र काहींना तीन, चार, क्वचित सहा गोष्टीही लागल्या होत्या.

चारांचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. मायएसक्यूएलच्या जुन्या 'यूटीएफ-८' पर्यायात एका अक्षराला तीनच बाइट मिळत. देवनागरी तीनमध्ये मावते, म्हणून आपलं मराठी बिनतक्रार चालायचं. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडात जागा मिळाली, पण तिच्या अक्षराला चार बाइट लागतात. सक्त तपासणीचा पर्याय चालू असेल तर डेटाबेस मजकूर नाकारतो. बंद असेल तर पहिल्या मोडी अक्षरापासून पुढचं सगळं कापतो, एक इशारा नोंदवतो आणि पुढे जातो. तो इशारा कोण वाचतो?

डेटाबेस, साठवणीचा पर्याय, लिपी आणि तपासणीचा पर्याय, या चारही गोष्टी एकाच वेळी जुळल्या तरच मजकूर असा गुपचूप जातो. जोड्यांच्या तक्त्यात यातली प्रत्येक जोडी भेटते, पण चौघं एकाच खणात येतीलच असं नाही. सगळे दिवे हिरवे.

२०२३ मध्ये मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदी धुंडाळताना मोडी वाचणाऱ्यांची किती शोधाशोध झाली, ते तुम्ही पाहिलंत. उद्या या नोंदी मोडी अक्षरांतच टंकून कुणी साठवल्या आणि निम्मी ओळ गळाली, तर ज्याच्या पणजोबाचं नाव त्या निम्म्या ओळीत होतं, त्याला गणित सांगून काय उपयोग? म्हणून चाचणी मांडणाऱ्यानं नऊ खणांच्या खाली दहावा खण हातानं लिहायचा. त्यात काय भरायचं, हे चौरसाला ठाऊक नसतं. ते मोडी वाचणाऱ्याला विचारावं लागतं, आणि तेही काम सुरू होण्याआधी.