उरलेलें अन्न

श्रोतेहो, पंगत आटोपल्यावर मागें राहणाऱ्या अन्नास आपल्या भाषेनें तीन निरनिराळीं नांवें दिलीं आहेत : उरलेलें, शिळें आणि उष्टें. यांपैकीं पहिलें अद्याप अन्नच असतें. दुसरें वेळ टळल्यामुळें आणि तिसरें कोणाचें तोंड लागल्यामुळें दुसऱ्यास देण्याजोगें राहत नाहीं. अन्नदानाचा इतिहास पाहतांना हा भेद ध्यानांत ठेविला पाहिजे.

आमच्या छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेहून, सुमारें ५० किलोमीटरांवर पैठण आहे. इ. स. १५९९ मध्यें समाधिस्थ झालेल्या एकनाथ महाराजांची तेथील कथा सर्वश्रुत आहे. श्राद्धाचा स्वयंपाक सिद्ध होता. त्या काळीं ज्यांस अस्पृश्य लेखीत असें एक कुटुंब वाटेनें जात होतें. त्यास अन्नाचा सुवास आला. नाथांनीं तो स्वयंपाक त्यांसच प्रथम वाढला आणि ब्राह्मण रुष्ट झाले. पंगत उठल्यावर राहिलेलें अन्न दिलें असतें, तर कदाचित् कोणी रागावलेंहि नसतें. कथेचें मर्म तेथेंच आहे.

आमच्या शहरांतील पाणचक्की आपण पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळील हें जातें दुरून मातीच्या नळांनीं आणिलेल्या पाण्यावर फिरे, आणि फकीर व यात्रेकरू यांच्यासाठीं पीठ दळलें जाई. भुकेलेल्यांची सोय दात्याच्या लहरीवर न सोडतां तिची नित्याची व्यवस्था लाविली होती.

त्याच शहरांत डिसेंबर २०१५ मध्यें युसुफ मुकाती यांनीं बायजीपुऱ्यांत ‘रोटी बँक’ उघडली. सभासदानें घरच्या दोन ताज्या पोळ्या व कालवण जमा करावें, गरजूनें तें न्यावें, अशी योजना होती. मला ‘बँक’ हें नांवच मोलाचें वाटतें. भीक मागण्यास मनुष्य दाराशीं उभा राहतो. बँकेंत तो ताठ मानेनें जातो.

हें मी अनुभवानें सांगतों. शिक्षक असतांना स्नेहसंमेलनांत उरलेले लाडू मीं भर वर्गांत एका गरीब विद्यार्थ्याच्या हातीं दिले. मुलगा उपाशी होता. तरी त्यानें ते बाकावर ठेविले व तो निघून गेला. माझा हेतु चांगला होता, रीत वाईट होती.

आज हाच प्रश्न मोठ्या दुकानांपुढें, ज्यांस आपण सुपरमार्केट म्हणतों त्यांच्यापुढें, आहे. मुदत संपत आलेला पाव, दूध, भाजी यांचें काय करावें? अमेरिकेंत फिनिक्स शहरीं १९६७ सालीं जॉन व्हॅन हेंगेल यांनीं असा माल दुकानांतून मिळवून भुकेलेल्यांसाठीं अन्नपेढी काढिली. फ्रान्सनें २०१६ मध्यें ४०० चौरस मीटरांहून मोठ्या दुकानांस खाण्याजोगें अन्न नासविण्याची मनाई केली आणि सेवाभावी संस्थांशीं करार करावयास लाविलें. भारतांतहि शिल्लक अन्न गोळा करून वांटण्याचे नियम २०१९ मध्यें झाले.

नियमांनीं अन्न वेळेवर पोंचेल. पण तें कसें द्यावयाचें, हें आपणांसच शिकलें पाहिजे. अन्न शिळें होण्यापूर्वीं पोंचवावें, ही व्यवस्था झाली. घेणाऱ्यास तें उष्टें वाटूं नये, हा धर्म होय.