पाकिटाची मागची बाजू : सुपरमार्केटमधील अन्न पारखताना

बाजारात अन्न विकत घेताना विक्रेता आणि ग्राहक यांच्यात काही शब्दांची देवाणघेवाण होतेच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या मार्केटात भाजी आजची की कालची, तांदूळ नवा की जुना, मिरची कुठल्या गावची, असे प्रश्न सहज विचारले जातात आणि समोरच्या व्यक्तीला त्यांची उत्तरे द्यावी लागतात. सुपरमार्केटमध्ये हा संवाद नसतो. ग्राहक वस्तू स्वतःच उचलतो, टोपलीत टाकतो आणि पैसे भरून बाहेर पडतो. त्याच्या प्रश्नांना उत्तर देणारे तेथे एकच असते, ते म्हणजे पाकिटावरील छापील मजकूर. हा मजकूर कसा वाचावा, त्यातील कोणता भाग जाहिरातीचा आणि कोणता कायद्याने बंधनकारक, हे ओळखणे म्हणूनच आज घरच्या स्वयंपाकाइतकेच महत्त्वाचे झाले आहे.

गोव्यासाठी या विषयाचे महत्त्व अधिक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) सहकार्याने झालेल्या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणाचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. साधारण चार प्रौढांमागे एकाला हा विकार आहे, असा याचा अर्थ. मधुमेहाला अनुवंश, वय, बैठी जीवनशैली अशी अनेक कारणे असतात. परंतु रोजचा आहार हे त्यांतील असे कारण आहे, की ज्यात कुटुंबाला स्वतः बदल करता येतो.

मांडणीमागचा हिशेब

ग्राहकाने स्वतः वस्तू उचलण्याच्या दुकानाची पद्धत जेमतेम शंभर वर्षांपूर्वीची आहे. अमेरिकेतील मेंफिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी १९१६ साली ‘पिगली विगली’ हे दुकान सुरू केले. तोपर्यंत गिऱ्हाईक यादी सांगे आणि नोकर फळीवरून माल काढून देई. सॉन्डर्स यांनी फळ्या ग्राहकांसाठी खुल्या केल्या आणि एका टोकाकडून शिरून सर्व मालासमोरून जातच बाहेर पडावे लागेल, अशी वाट आखली. नोकरांचा खर्च वाचला आणि न ठरवलेली खरेदीही वाढू लागली.

आजच्या सुपरमार्केटची रचना याच विचाराचा विस्तार आहे. दूध, अंडी यांसारख्या नेहमी लागणाऱ्या वस्तू अनेकदा आतल्या बाजूस असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचताना ग्राहक इतर मालासमोरून जातो. डोळ्यांच्या पातळीवरील फळी सर्वांत मोक्याची मानली जाते आणि अशा जागेसाठी कंपन्या दुकानांना मोबदला देतात, ही किरकोळ व्यापारातील सर्वपरिचित प्रथा आहे. मुलांच्या आवडीची रंगीत पाकिटे त्यांच्या हाताच्या उंचीवर, तर चॉकलेट आणि गोळ्या पैसे भरण्याच्या रांगेजवळ ठेवलेल्या दिसतात. यात बेकायदेशीर काही नाही. मात्र फळीवरील जागा ही पदार्थाच्या पौष्टिकतेची खूण नसून व्यापाराची सोय आहे, एवढे ध्यानात असावे. घरून यादी करून निघणे आणि भुकेल्या पोटी खरेदीला न जाणे, हे जुनेच उपाय येथे उपयोगी पडतात.

घटकांची यादी

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला आणि त्यानुसार भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण (एफएसएसएआय) स्थापन झाले. पाकिटावर काय छापलेच पाहिजे, याचे नियम हे प्राधिकरण करते. हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ म्हणजे शाकाहारी, तपकिरी चौकटीतील तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी, ही खूण आणि १४ अंकी परवाना क्रमांक बहुतेकांच्या ओळखीचा असतो. त्याहून मोलाची असते ती मागच्या बाजूची घटकांची यादी.

या यादीतील क्रम वजनानुसार, उतरत्या भांजणीने असतो. जो घटक सर्वाधिक, तो पहिला. ‘नाचणी बिस्कीट’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या पाकिटाच्या यादीत मैदा पहिला, साखर दुसरी, पाम तेल तिसरे आणि नाचणीचे पीठ त्यानंतर असेल, तर ते वस्तुतः मैद्याचे बिस्कीट आहे. नावातील धान्य यादीत कितव्या स्थानी आहे आणि त्याची टक्केवारी किती दिली आहे, हे पाहिले की बहुतेक संभ्रम दूर होतो.

साखरेच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, कॉर्न सिरप ही सारी साखरेचीच रूपे. एकाच पदार्थात ती तीन-चार नावांनी विखुरली, की यादीत कोणतेही एक नाव वर येत नाही आणि एकूण साखर मात्र पुष्कळ असते. माल्टोडेक्स्ट्रिन हा पदार्थ तांत्रिक व्याख्येने साखरेत मोडत नाही, तरीही तो पचून झपाट्याने ग्लुकोज बनतो. मधुमेहींनी त्याची नोंद घ्यावी.

आयएनएस या अक्षरांपुढील अंक पाहून घाबरण्याचे मात्र कारण नाही. आयएनएस ३३० म्हणजे लिंबात असणारे सायट्रिक आम्ल, तर आयएनएस ५०० मध्ये खाण्याचा सोडा येतो. एखादा अंक असण्यापेक्षा रंग, कृत्रिम स्वाद, दाटपणा आणणारी द्रव्ये यांची लांबलचक रांग असणे, ही विचार करण्याजोगी बाब आहे.

पोषणाचा तक्ता

यादीजवळच १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, साखर, स्निग्ध पदार्थ आणि सोडियम यांचे आकडे दिलेले असतात. प्रमाण आहारासाठी धरलेली दिवसाची मोजमापे अशी आहेत : ऊर्जा २,००० किलोकॅलरी, एकूण स्निग्ध पदार्थ ६७ ग्रॅम, संपृक्त स्निग्ध पदार्थ २२ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २,००० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले, की मिठाचे वजन कळते.

एक उदाहरण घेऊ. बिस्किटांच्या ७५ ग्रॅमच्या पुड्यावर १०० ग्रॅममागे २४ ग्रॅम साखर नोंदली आहे आणि एक ‘सर्व्हिंग’ १५ ग्रॅमचे धरले आहे. सर्व्हिंगपुढील आकडा ४ ग्रॅमहूनही कमी दिसतो; पण संध्याकाळच्या चहाबरोबर पुडा संपला, तर पोटात १८ ग्रॅम साखर गेलेली असते. १०० मिलिलिटरमागे १० ग्रॅम साखर असलेल्या पेयाची ३०० मिलिलिटरची बाटली म्हणजे ३० ग्रॅम, अर्थात सहा चमचे साखर. म्हणून दोन पदार्थांची तुलना करताना १०० ग्रॅमचा स्तंभ पाहावा आणि स्वतःच्या खाण्याचा हिशेब करताना पाकिटाचे एकूण वजन पाहावे.

तारखांचे दोन प्रकारही ओळखून ठेवावेत. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ या तारखेनंतर पदार्थ खाऊ नये. ‘बेस्ट बिफोर’ ही चव, खुसखुशीतपणा अशा गुणवत्तेविषयीची मुदत असते.

दाव्यांचे शब्द

पाकिटाची समोरची बाजू मुख्यतः विक्रीसाठी असते. तेथील काही शब्दांना कायद्यात मोजमाप आहे. ‘साखरमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात १०० ग्रॅममागे ०.५ ग्रॅमपेक्षा अधिक साखर चालत नाही. ‘कमी स्निग्ध’ हा दावा करणाऱ्या घन पदार्थात स्निग्धांश १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमपर्यंतच असावा लागतो. परंतु ‘कमी स्निग्ध’ पदार्थात साखर भरपूर असू शकते, आणि ‘बेक्ड, तळलेले नाही’ असे सांगणाऱ्या पाकिटात मीठ किती, हे त्या वाक्यातून कळत नाही. शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असे लिहिलेले असते. वनस्पतिजन्य तेलांत ते नगण्यच असते, त्यामुळे या वाक्याने एक तेल दुसऱ्याहून सरस ठरत नाही. ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’, ‘घरगुती चव’ यांसारख्या शब्दांवरून तर निवड करूच नये.

अशा शब्दांवर नियामकांनी हस्तक्षेप केल्याची अलीकडची उदाहरणे बोलकी आहेत. ‘हेल्थ ड्रिंक’ अशी कोणतीही व्याख्या अन्नकायद्यात नसल्याने, एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना माल्टयुक्त व तत्सम पेये त्या वर्गातून काढण्यास सांगण्यात आले. जून २०२४ मध्ये, आटवलेल्या रसात पाणी मिसळून बनवलेल्या पेयांवरील ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा हटवण्याचा आदेश प्राधिकरणाने दिला. दोन्ही शब्द तोपर्यंत वर्षानुवर्षे घराघरांत विश्वासाने वाचले गेले होते.

चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त स्निग्ध किंवा ऊर्जा मर्यादेबाहेर असलेल्या पदार्थांच्या समोरच्या बाजूवर काळ्या अष्टकोनी इशाऱ्याची सक्ती केली. भारतात २०२२ मध्ये ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा पुढे आला. तारे हवेत की स्पष्ट इशारा, हा वाद तेव्हापासून चालू आहे. गुणांची बेरीज करणारे तारे दोष झाकू शकतात, हा इशाऱ्याची मागणी करणाऱ्यांचा मुख्य आक्षेप आहे.

प्रक्रिया किती झाली

आकड्यांपलीकडे आणखी एक कसोटी आहे. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो आणि त्यांचे सहकारी यांनी अन्नाची चार गटांत विभागणी सुचवली : मूळ रूपातील वा किमान प्रक्रियेचे अन्न, स्वयंपाकात वापरायचे तेल-मीठ-साखर असे घटक, साधी प्रक्रिया केलेले पदार्थ आणि अतिप्रक्रियायुक्त पदार्थ. तांदूळ पहिल्या गटात, खोबरेल तेल दुसऱ्यात, मिठात मुरवलेली कैरी तिसऱ्यात, तर झटपट नूडल्स, शीतपेये, रंगीत न्याहारी-धान्ये चौथ्या गटात येतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे किमान प्रक्रियेचे अन्न दिले. वाढलेल्या जेवणांतील ऊर्जा, साखर, मीठ, तंतू यांचे प्रमाण जुळवले होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त अन्नावर असताना त्यांनी दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक घेतल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. प्रयोग लहान होता, तरी त्यातून मिळालेला इशारा गंभीर आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये दिलेल्या १७ आहारसूत्रांतही अतिप्रक्रियायुक्त पदार्थ कमी करणे आणि पाकिटावरील माहिती वाचणे, या दोन्हींचा समावेश आहे.

याचा अर्थ सुपरमार्केटकडे पाठ फिरवावी असा नाही. तेथेच डाळी, कुळीथ, नाचणी, उकडा तांदूळ, दही आणि अंडीही मिळतात. भात उकडताना कोंड्यातील ब-जीवनसत्त्वांचा काही अंश दाण्यात उतरतो, म्हणून पांढऱ्या पॉलिश तांदळापेक्षा उकडा तांदूळ उजवा. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पेज, कुळथाचे सार, तांबडी भाजी, बांगडे-तारले ही गोमंतकीय घरांतील जेवणे कोणत्याही दाव्याविना पौष्टिक आहेत. मधुमेहींनी मात्र भाताचे प्रमाण, मग तो उकडा असला तरी, मोजूनच ठेवावे.

उघड्या बाजारातही प्रश्न हवेत

पाकीट नसले म्हणजे अन्न निर्दोष, हा समजही तितकाच भाबडा. जुलै २०१८ मध्ये मासळीतील फॉर्मेलिनच्या संशयाने गोवा ढवळून निघाला आणि राज्य सरकारला बाहेरून येणाऱ्या मासळीवर तात्पुरती बंदी घालावी लागली. फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास देशात बंदी आहे, तरी हंगामात त्याची चर्चा होतेच. पोयीवरचा कोंडा पिठात मिसळलेला आहे की वरून भुरभुरलेला, हेही पोदेराला विचारावे. फरक एवढाच, की येथे प्रश्नाला उत्तर देणारा माणूस समोर असतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटतो.

दोन्हीकडे शंका आली, तर दाद मागण्याची सोय आहे. गोव्यात बांबोळी येथील अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे तक्रार करता येते. ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार सामान्य खरेदीदारही शुल्क भरून पदार्थाची अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो आणि पदार्थ नियमबाह्य ठरल्यास ते शुल्क त्याला परत मिळते. तक्रारीसाठी पावती, पाकीट आणि त्यावरील बॅच क्रमांक जपून ठेवणे आवश्यक.

खरेदीच्या वेळी सारेच तपासणे कोणालाही शक्य नाही, आणि त्याची गरजही नसते. घरात दर महिन्याला येणारी पाकिटे बहुधा दहा-पंधराच असतात. ती एकदा उलटून, पहिले तीन घटक, १०० ग्रॅममागील साखर आणि सोडियम एवढे पाहिले, तर कोणते पाकीट ठेवायचे, कोणते कमी करायचे आणि कोणत्याऐवजी साधे धान्य आणायचे, हे एका संध्याकाळी ठरवता येते. पुढच्या महिन्याची यादी त्यावरूनच करावी.