मिठाची ओल

माझ्या बालपणीं मिरजोळ्यास आषाढ लागला कीं बरणींतलें मीठ पाझरूं लागे. शिरोड्याच्या ज्या मिठागरांत १९३० सालच्या मे महिन्यांत सत्याग्रह झाला, तेथील मिठाचीहि हीच प्रकृति. कारण त्यांतील मॅग्नेशियम क्लोराइड हवेंतील ओल शोषून घेतें. १९११ सालीं अमेरिकेंतील मॉर्टन कंपनीनें मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळून मीठ मोकळें राखलें. पुढें फेरोसायनाइड आलें. नांवांतील ‘सायनाइड’ ऐकून गृहिणी दचकतात. परंतु लोहानें तें घट्ट बांधलेलें असतें, चुलीवरच्या पातेल्यांत सुटत नाहीं. आपल्याकडे किलोभर मिठास १० मिलिग्रॅम, ही त्याची कायदेशीर मर्यादा आहे. दिवसाच्या ५ ग्रॅम मिठांत तें फार तर मिलिग्रॅमचा विसावा भाग भरेल. भ्यावयाचेंच तर त्याहून अधिक मीठ खाण्यास भ्यावें.