कुऱ्हाडबंदी

कुऱ्हाडबंदी : वनातील झाडे, बांबू व गवत तोडण्याच्या हातहत्यारांचा अनधिकृत वापर होऊ नये, म्हणून ती बाळगणे, वनात नेणे व चालविणे यांवर शासनाने किंवा गावाने घातलेले निर्बंध. महाराष्ट्रात हा शब्द मुख्यत्वे ग्रामविकासाच्या चळवळीतून रूढ झाला. त्यामागची कल्पना मात्र बरीच जुनी असून तिचा इतिहास चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत विशेष स्पष्टपणे दिसतो. १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. साग व बांबू ही येथील प्रमुख वनसंपत्ती. ती कोणी, कोणत्या हत्याराने व कोणाच्या परवानगीने तोडावी, हा येथील वनव्यवहारातील दीर्घकाळचा वादविषय आहे.

ब्रिटिश अंमलापूर्वी आणि त्याच्या आरंभकाळीही येथील बरेचसे वन जमीनदारांच्या ताब्यात होते. चांदा जिल्ह्यातील सर्वांत मोठी जमीनदारी अहेरीची होती. डोंगराळ भागातील माडिया व इतर गोंड लोक बेवर पद्धतीची फिरती शेती करीत. वनाचा एक तुकडा तोडावयाचा, लाकूड वाळल्यावर जाळावयाचे, राखेत बी फेकावयाचे व काही वर्षांनी दुसरीकडे जावयाचे, अशी ही रीत. तीत नांगर नसतो. कुऱ्हाड हेच शेतीचे मुख्य अवजार. जमीन मोजता येत नाही व बैलही नाहीत, तेव्हा कर आकारावयाचा कशावर, हा प्रश्न मध्य प्रांताच्या डोंगराळ मुलखात महसूल अधिकाऱ्यांपुढे आला. मंडला भागातील बैगांसारख्या जमातींकडून कुऱ्हाडीगणिक कर घेण्याची रीत त्यातून पडली. एका कुऱ्हाडीमागे एक कर्ता पुरुष व त्याचे एक शेत, असा तो सरळ हिशेब होता. या रीतीत कुऱ्हाड चालविण्याला मनाई नव्हती. उलट ती चालते हे गृहीत धरूनच कर घेतला जाई. पुढील काळातील बंदीची दृष्टी याहून मूलतः वेगळी आहे.

नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. या प्रांताच्या वनांची पहिली पद्धतशीर पाहणी जी. एफ्. पिअर्सन या लष्करी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाली. रेल्वेच्या स्लीपरांसाठी व इमारतींसाठी सागाची मागणी वाढत होती आणि अहेरी, आलापल्ली, सिरोंचा या पट्ट्यातील साग उत्कृष्ट प्रतीचा होता. हे लाकूड प्राणहिता व गोदावरी या नद्यांतून तराफ्यांच्या रूपाने खाली नेता येत असे. नदीतून वाहणारे लाकूड कोणाचे, हे ओळखण्यास त्यावरील खुणेखेरीज दुसरे साधन नसते. भारतीय वन अधिनियमात (१९२७) वाहून आलेल्या, तसेच खूण पुसलेल्या लाकडाविषयी स्वतंत्र तरतूद आहे. असे लाकूड, कोणी आपला हक्क शाबीत करीपर्यंत, शासनाचे समजले जाते. खुणेला एवढे महत्त्व आल्यावर खूण करणारे हत्यारही तितकेच महत्त्वाचे ठरले.

हे हत्यार म्हणजे खुणेचा हातोडा. वनकर्मचारी त्यास नुसते हॅमर म्हणतात. त्याच्या एका तोंडावर उलटी कोरलेली अक्षरे, अंक किंवा चिन्ह असते; पुष्कळदा दुसऱ्या बाजूस साल काढण्यासाठी पाते असते. तोडीसाठी निवडलेल्या झाडावर दोन ठिकाणी साल तासून ठसा उठवितात : एक छातीच्या उंचीवर (सु. १·३७ मी.) व दुसरा जमिनीलगत बुंध्याशी. वरचा ठसा तोडणाऱ्याला दिसावा म्हणून असतो. खालचा तपासणाऱ्यासाठी असतो, कारण झाड तोडल्यावर तो खुंटावर राहतो. या खुंटास वनखात्याच्या भाषेत थूट म्हणतात. कुपाची तोड संपल्यावर थुटे मोजतात. ज्या थुटावर ठसा नाही, ते झाड चोरीचे. लाकूड आगारात आल्यावर ओंडक्याच्या टोकावर पुन्हा वेगळा ठसा उमटतो व त्याच्या आधारे वाहतूक परवाना मिळतो. थोडक्यात, कुऱ्हाड शेकडो हातांत असली तरी तिचा घाव कायदेशीर की बेकायदेशीर, हे हातोड्याचा एक ठोका ठरवितो.

यामुळे कुलपात ठेवावयाचे हत्यार कुऱ्हाड नसून हातोडा ठरले. प्रत्येक हातोड्याची नोंद असते, तो ठराविक अधिकाऱ्याच्या ताब्यात व कुलपाखाली राहतो, बदलीच्या वेळी तो नोंद करून सोपविला जातो आणि हरवल्यास त्याच्या ठशावर यापुढे विश्वास ठेवू नये, असे इतर कार्यालयांना कळवावे लागते. १९२७ च्या अधिनियमातील कलम ४१ अन्वये राज्य शासनास नियम करून विशिष्ट हद्दीत लाकूड चिरण्याचे खड्डे घालण्यावर, तसेच खुणेचे हातोडे व तत्सम अवजारे बाळगण्यावर वा नेण्यावरही बंदी घालता येते. खोटी खूण करणे किंवा खरी खूण पुसणे यांस कलम ६३ अन्वये दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. बनावट नाण्याच्या साच्याला कायदा ज्या नजरेने पाहतो, जवळजवळ त्याच नजरेने तो या हातोड्याकडे पाहतो.

ही व्यवस्था भारतात निर्माण झालेली नाही. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळी, कोलबेर मंत्री असताना, १६६९ मध्ये वने व जलाशय यांविषयी जो राजादेश निघाला, त्याने राजाच्या हातोड्यास कायद्याची चौकट दिली. हातोडा सांभाळण्यासाठी ‘गार्द-मार्तो’ म्हणजे हातोड्याचा रक्षक हा स्वतंत्र अधिकारी असे. हातोड्याची पेटी एकट्याला उघडता येऊ नये, म्हणून तिच्या किल्ल्या वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे ठेवीत. चोरी करणारा बाहेरचाच असेल असे नाही, हे त्या व्यवस्थेने मान्य केले होते. हिंदुस्थानच्या वनसेवेतील इंग्रज अधिकाऱ्यांचे शिक्षण काही काळ फ्रान्समधील नान्सी येथील वनविद्यालयात होत असे. चांद्याच्या वनांची प्रारंभी पाहणी करणारा पिअर्सन हाच पुढे तेथील इंग्रज विद्यार्थ्यांचा देखरेख करणारा होता.

कुऱ्हाडीची गोष्ट वेगळी आहे. ती घरोघरी असते व कुलपात ठेवता येत नाही. सरपण फोडणे, कुंपणाच्या काट्या तोडणे, घराचे खांब तासणे, ही रोजची कामे तिच्यावाचून अडतात. पाते गावच्या लोहाराकडून घडवून घेतात व दांड्यासाठी धावड्यासारखे चिवट लाकूड वापरतात. म्हणजे कुऱ्हाडीचा दांडाही वनातूनच येतो. अशा हत्यारावर परवाना बसविण्याचा प्रयत्न कायद्याने केला नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने केवळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी असलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. परंतु तीच वस्तू घेऊन माणूस अभयारण्याच्या हद्दीत गेला, की त्याच्यावर वेगळी व्याख्या लागू होते. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येत सुरी-चाकूसारखी हत्यारे व प्राण्यास इजा करू शकणारे कोणतेही साधन येते, आणि लेखी परवानगीवाचून शस्त्रासह अभयारण्यात शिरण्यास मनाई आहे. ताडोबा-अंधारी, चपराळा, भामरागड या संरक्षित क्षेत्रांच्या सीमेवरील गावांत पाऊलवाटेच्या एका बाजूस अवजार असलेला कोयता दुसऱ्या बाजूस शस्त्र ठरतो.

इतरत्र कायदा हत्यारास वापरापूर्वी अडवीत नाही. वापरानंतर जप्त करतो. वनोपजासंबंधी गुन्हा घडल्याचा संशय घेण्यास कारण असल्यास ते वनोपज व गुन्ह्यात वापरलेली अवजारे, नावा, गाड्या व गुरे जप्त करण्याचा अधिकार वनाधिकारी व पोलीस यांना कलम ५२ ने दिला आहे. कलम ५५ अन्वये ती सरकारजमा होऊ शकतात. किरकोळ गुन्ह्यात रक्कम भरून तडजोड करण्याची सोय कलम ६८ मध्ये आहे. या तरतुदी कागदावर समान असल्या तरी त्यांचा भार समान पडत नाही. लाकडाच्या मोठ्या व्यापारात कुऱ्हाड ही नगण्य किंमतीची वस्तू आहे. एक गेली तर दुसरी येते. डोक्यावर मोळी वाहणाऱ्या कुटुंबाची कुऱ्हाड जप्त झाली, तर दुसऱ्या दिवशीची चूल अडते. जप्तीचा पुरावा म्हणून मात्र कुऱ्हाड सर्वांत सहज हाती लागते. त्यामुळे या कलमांची सर्वाधिक झळ ज्यांच्यामुळे वन सर्वांत कमी घटले, त्यांनाच बसली, असे म्हणावे लागते.

हत्याराला असा गुन्ह्याचा अर्थ आल्यामुळेच १९३० च्या सविनय कायदेभंगात ते प्रतिकाराचे साधनही होऊ शकले. मध्य प्रांत-वऱ्हाडात समुद्र नाही. मिठाचा सत्याग्रह येथे कृत्रिम ठरला असता. त्याऐवजी राखीव वनातील गवत कापण्याचा मार्ग पत्करण्यात आला. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळ जिल्ह्यातील पुसदजवळ गवत कापून जंगल सत्याग्रहाला आरंभ केला व त्यांना अटक झाली. चळवळ लवकरच आदिवासी व शेतकरी समाजात पसरली. विळ्याच्या जागी कोयते व कुऱ्हाडी आल्या, तेव्हा शासनाची प्रतिक्रियाही कठोर झाली. कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी झालेल्या गोळीबारात अनेक सत्याग्रही मृत्युमुखी पडले. नेत्याच्या हातातील विळा प्रतीक म्हणून पाहिला गेला; शेतकऱ्याच्या हातातील कोयता शस्त्र म्हणून.

जमीनदारी व मालगुजारी नष्ट करणारा मध्य प्रदेशचा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अंमलात आल्यावर अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांतील वने शासनाकडे आली. गावकऱ्यांचे घरगुती गरजेपुरते लाकूड, बांबू व चराई यांचे हक्क ‘निस्तार’ या नावाने नोंदले गेले. निस्तारात कुऱ्हाड चालविण्यास मुभा होती, परंतु ती घरापुरती, विक्रीसाठी नव्हे. याच सुमारास बांबूचे महत्त्व बदलले. बल्लारपूर येथे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कागद कारखान्यास कच्चा माल म्हणून बांबू लागे व त्यासाठी वनातील बांबू दीर्घ मुदतीने दिला जाई. बुरूड कारागिरांना व निस्तारधारकांना तो ठराविक संख्येनेच मिळे. शिवाय १९२७ च्या अधिनियमात ‘वृक्ष’ या संज्ञेतच बांबूचा समावेश होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत. पण कायद्यात ते झाड असल्यामुळे बांबू कापणारा कोयताही झाड तोडणाऱ्या कुऱ्हाडीच्या पंक्तीत बसला.

ही कोंडी फुटण्यास गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे छोटे गाव कारणीभूत झाले. १९८० नंतरच्या दशकात इचमपल्ली व भोपालपट्टनम् धरणांविरुद्ध झालेल्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनातून या गावात सामूहिक निर्णयाची परंपरा बळकट झाली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचा तीत पुढाकार होता. ग्रामसभेने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पाडली व वनाच्या राखणीचे नियम स्वतः केले. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये गावास सु. १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाला. त्या कायद्यात बांबू हे गौण वनोपज आहे. तरीही वाहतूक परवान्यावाचून कापलेला बांबू गावाबाहेर नेता येईना. हक्क गावाचा, पण शिक्का खात्याचा, अशी ही स्थिती होती. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वन मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. परवाना देण्याचा अधिकार २०१२ च्या सुधारित नियमांनी ग्रामसभेच्या समितीकडे सोपविला. १९२७ च्या अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द २०१७ मध्ये वगळण्यात आला.

हक्क मिळाल्यावर निर्बंध संपले नाहीत. ते घालणारा बदलला. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या गावाने २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर बांबूच्या विक्रीवर रोजगार उभा केला. मात्र तेंदूपानांसाठी झाडे छाटावी व वन पेटवावे लागते, म्हणून चांगले उत्पन्न देणारे तेंदूपानांचे संकलन त्याने आपण होऊन सोडून दिले.

‘कुऱ्हाडबंदी’ हा शब्द ज्या अर्थाने महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे, तो मुख्यतः अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील राळेगण सिद्धी येथील प्रयोगातून आला. नशाबंदी, चराईबंदी, कुटुंबनियोजन व श्रमदान यांबरोबर कुऱ्हाडबंदी हे तेथील पाच सूत्रांपैकी एक होते. १९९२ च्या आदर्श गाव योजनेने ही सूत्रे इतर गावांसाठी स्वीकारली व हिवरे बाजारसारख्या गावांनी ती यशस्वीपणे राबविली. त्याच वर्षी महाराष्ट्राने संयुक्त वन व्यवस्थापनाचे धोरण स्वीकारले आणि वन समित्यांबरोबर हा शब्द विदर्भातील वनांतही पोहोचला. अवर्षणप्रवण भागातील उजाड टेकड्यांवर तोड थांबविणे हा पाणी अडविण्याच्या कामाचाच भाग असतो व झाडी वाढल्याचा लाभ काही वर्षांतच विहिरीत दिसतो. गडचिरोलीच्या दाट वनात तसा दृश्य मोबदला नाही. येथे बंदीचा भार प्रथम सरपण आणणाऱ्या स्त्रियांवर पडतो. व्याघ्रप्रकल्पालगतच्या गावांत स्वयंपाकाचा गॅस देण्याच्या योजना हे ओळखूनच आखण्यात आल्या; सरपणासाठी वनात जाणाऱ्यांवर वाघाचे हल्ले होतात, हेही त्यांमागील एक कारण होते.

इमारती लाकूड मात्र अद्याप या बदलाबाहेर आहे. वनहक्क कायद्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत लाकूड येत नाही. आलापल्ली व बल्लारपूर परिसरातील सागाची तोड, त्यावरील ठसे व आगारातील लिलाव हे सर्व वन विभाग आणि १९७४ मध्ये स्थापन झालेले वन विकास महामंडळ यांच्याकडे आहे. अयोध्येतील राममंदिरासाठी २०२३ मध्ये येथून गेलेला सागही याच मार्गाने गेला. त्याच व्याख्येत बांबू, झुडपे, वेत यांच्याबरोबर थुटांचाही उल्लेख आहे. त्यामुळे सामूहिक हक्काच्या वनात सागाचे खोड शासनाचे व त्याचे थूट ग्रामसभेचे, असा अर्थ निघतो. आणि तोड अधिकृत होती की नाही हे सांगणारा खालचा ठसा त्या थुटावरच असतो.